मध्यरक्षकाची वही: खालच्या श्रेणीत व्यावसायिक फुटबॉल कसे खेळावे

सामना संपल्यावर रेफ्री जो कागद भरतो, त्यावर आघाडीपटूचे गोल लिहिले जातात आणि गोलरक्षकाने किती गोल खाल्ले हेही त्यावरून समजते. मध्यरक्षकाच्या, म्हणजे मधल्या फळीत खेळणाऱ्या मिडफिल्डरच्या, नावापुढे मात्र बहुतेक वेळा काहीच नसते, आणि असलेच तर पिवळे कार्ड असते. वरच्या श्रेणीत याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक सामन्याचे चित्रण होते आणि कोणी किती पास दिले, किती चेंडू परत मिळवले, हे मोजायला पगारी माणसे असतात. खालच्या श्रेणीत तसे मोजणारे कोणी नसते. म्हणून ठाणे किंवा नवी मुंबईत राहून या खेळावर पोट भरू पाहणाऱ्या मध्यरक्षकाने आपल्या कामाची नोंद आपणच ठेवायला शिकले पाहिजे, मग ती मैदानावरची असो, करारातली असो किंवा पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची असो. मी स्वतः दहा हंगाम याच पातळीवर खेळलो आणि आता ऐरोलीत मुलांना शिकवतो. पुढे लिहिलेल्या गोष्टींपैकी निम्म्या मी वेळेवर केल्या नाहीत, आणि त्यांचे महत्त्व मला ठाऊक आहे ते त्यामुळेच.

आधी शिडी समजून घ्या

भारतातील पुरुषांच्या फुटबॉलमध्ये सर्वांत वर २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग आहे, तिच्याखाली २००७-०८ च्या हंगामापासून आय-लीग या नावाने ओळखली गेलेली स्पर्धा आहे, त्याखाली आय-लीग २ आणि २०२३ पासून आय-लीग ३ आहे, आणि या सगळ्यांच्या पायाशी राज्यांच्या व शहरांच्या लीग आहेत. आपल्या भागातील बहुतेक मुले प्रत्यक्षात मुंबईच्या लीगमध्ये खेळतात. त्यामुळे कुपरेज, वांद्र्याचे नेव्हिल डिसोझा मैदान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान या तीन ठिकाणी घरून किती वाजता निघाले म्हणजे वेळेत पोचता येते, हे प्रत्येकाला पाठ असते. ज्या नेव्हिल डिसोझा यांचे नाव त्या मैदानाला आहे, त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. तिथे सरावाला जाणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते, म्हणून इथे सांगून ठेवतो. जिल्ह्यातील क्लब वर जाऊच शकत नाही असेही नाही. अंबरनाथचा क्लब २०२२-२३ च्या हंगामात आय-लीग २ मध्ये खेळला आहे.

शिडी चढताना एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर ठेवावी: या राज्यात क्लब बंद पडतात, आणि ते केवळ हरल्यामुळे पडतात असे नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ गुंडाळला गेला. मुंबई एफसी २०१७ पर्यंत आय-लीगमध्ये होता. पुण्याचा भारत एफसी आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजीयन्स दोन. २०२५ मध्ये तर व्यावसायिक हक्कांच्या कराराचा पेच सुटेना म्हणून देशातील सर्वोच्च लीगच वेळेवर सुरू होऊ शकली नाही आणि काही मोठ्या क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. तेव्हा आपली आखणी एखाद्या क्लबच्या भरवशावर करू नये. क्लब बदलला तरी आपल्याबरोबर येईल अशी शिदोरी जमवावी.

नवी मुंबईकरांसाठी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात मोडतात, तर खारघर, कामोठे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. आंतरजिल्हा स्पर्धेच्या निवड चाचणीला कोणत्या जिल्ह्याकडून उभे राहायचे, याची चौकशी घर बदलल्यावर लगेच करावी, कारण चाचणीच्या सकाळी मैदानावर ही चर्चा सुरू झाली की मुलगा हातात स्टड, म्हणजे खुंट्यांचे बूट, घेऊन कडेला बसून राहतो. जन्मदाखल्याच्या बाबतीतही असेच आहे. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये मनगटाच्या हाडांचे चित्र काढून वय पडताळण्याची पद्धत रूढ आहे, आणि दाखल्यावर वय कमी करून एखादा हंगाम मिळवणारा मुलगा पुढचे सगळे हंगाम धोक्यात घालतो.

चेंडू येण्याआधीचे काम

मध्यरक्षकाची पारख चेंडू पायात असताना होते असे प्रेक्षकांना वाटते, पण चाचणीला आलेला जाणकार प्रशिक्षक चेंडू येण्याआधीच्या दोन सेकंदांकडे पाहत असतो. तुम्ही मान वळवली का, कितीदा वळवली, आणि चेंडू घेताना शरीर कोणत्या दिशेला उघडे होते, एवढ्यावरून त्याचे अर्धे मत बनते. ही सवय लावण्यासाठी मी साधा उपाय वापरतो. पास घेणाऱ्या मुलाच्या मागे दहा पावलांवर मी लाल आणि निळा असे दोन बिब, म्हणजे जर्सीवर चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, घेऊन उभा राहतो, समोरच्या मुलाने चेंडू मारला की त्यातला एक वर धरतो, आणि चेंडू पायाशी पोचण्याआधी त्याने रंग ओरडून सांगायचा असतो. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळी मुले चेंडू अडवतात, मग मागे पाहतात आणि मग रंग सांगतात. म्हणजे प्रतिस्पर्धी मागून आला असता तर चेंडू केव्हाच गेला असता. तिसऱ्या आठवड्यात काही जण चेंडू निघण्याआधी एकदा आणि निघाल्यावर एकदा मागे पाहू लागतात. मैदानात सहकाऱ्याने ‘मॅन ऑन’ (मागे माणूस आहे) किंवा ‘टाइम’ (वेळ आहे) असा आवाज दिला तर तो घ्यावाच, पण त्यावर विसंबू नये, कारण खालच्या श्रेणीत दर दोन-तीन महिन्यांनी सहकारी बदलतात आणि सगळेच आवाज देत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू लांबच्या पायावर घेणे. पास डावीकडून येत असेल तर तो उजव्या पायावर, शरीर अर्धे वळवून घेतला की त्याच स्पर्शात मैदानाची दुसरी बाजू खुली होते. जवळच्या पायावर घेतला की तोंड ज्या बाजूने चेंडू आला त्याच बाजूला राहते आणि परत मागे पास देण्यावाचून पर्याय उरत नाही. यासाठी मैदान लागत नाही. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत पुरते, निदान सेक्रेटरींची तक्रार येईपर्यंत. भिंतीवर चेंडू मारून तो दोन्ही पायांवर आलटून पालटून, वळत घ्यावा आणि कमकुवत पायाला दुप्पट वेळ द्यावा.

इथे टर्फविषयी थोडे कडू बोलणे भाग आहे. घोडबंदर रस्त्यापासून नेरूळपर्यंत पाच-सहा जणांच्या खेळाची टर्फ झाली आहेत, आणि मुलांचा बहुतेक खेळ आता तिथेच होतो. पायाची चपळाई आणि पहिला स्पर्श तिथे सुधारतो हे खरे. पण पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, आणि त्याच्या मधोमध उभे राहून पस्तीस मीटरवरचा उलट बाजूचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीपटू, हेरून त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकायचा, हे जाळीच्या पिंजऱ्यात शिकता येत नाही. टर्फवर वाढलेला मध्यरक्षक मोठ्या मैदानावर आला की चेंडूच्या मागे धावत राहतो, कारण लहान जागेत चेंडू नेहमीच जवळ असतो. आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण मैदान मिळेल असा क्लब शोधावा, मग तो खालच्या विभागातला का असेना.

याच पातळीवर आणखी एक कौशल्य लागते, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. मैदान उंचसखल असले की बचावपटू जोखीम घेत नाहीत आणि चेंडू लांब मारतात; त्यामुळे सामन्याचा मोठा भाग चेंडू हवेत असतो. दोन उंच खेळाडू हेडरसाठी उडतात तेव्हा मध्यरक्षकाने त्यांच्यासोबत उडायचे नसते. त्यांच्यापासून सहा-सात पावले मागे, चेंडू जिथे पडण्याची शक्यता जास्त आहे तिथे, आधीच जाऊन उभे राहायचे असते. या पडत्या चेंडूला आपण ‘सेकंड बॉल’ म्हणतो. ज्या संघाचा मध्यरक्षक असे दहा चेंडू जास्त उचलतो, तो संघ सामना प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात खेळतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींत त्याचे नाव येत नाही.

जागेविषयीही स्पष्ट राहावे. परदेशी खेळाडू घेण्याची मुभा जिथे असते, तिथे प्रशिक्षक त्यांना बहुधा मैदानाच्या मधल्या रेषेत, म्हणजे मध्य-बचाव, मधली फळी आणि आघाडी यांत खेळवतो, आणि कडेच्या जागा भारतीय खेळाडूंना मिळतात. इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चारच परदेशी मैदानावर राहू शकतात, आधी पाच असत. तरीही ‘दहा क्रमांका’ची सर्जनशील जागा आपल्या मुलांना सहज मिळत नाही. म्हणून बचावात्मक मध्यरक्षकाने, ज्याला मैदानावर सगळे ‘सिक्स’ म्हणतात, उजवा किंवा डावा फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, ही दुसरी जागा शिकून ठेवावी. माझ्या दहापैकी तीन हंगामांतला पगार मला या दुसऱ्या जागेने मिळवून दिला. मला ती कधीच आवडली नाही.

वही आणि मोबाइल

प्रत्येक सामन्यानंतर त्याच रात्री, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेच, एका वहीत पुढील बाबी लिहाव्यात: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, किती मिनिटे खेळलो, कोणत्या जागेवर खेळलो, दबावाखाली किती चेंडू घेतले आणि त्यांतले किती गमावले, किती सेकंड बॉल उचलले, आणि संघाने खाल्लेल्या प्रत्येक गोलच्या वेळी मी कुठे होतो. शेवटची बाब लिहिणे सर्वांत जड जाते आणि सर्वांत उपयोगी पडते. आठ-दहा सामन्यांनंतर वहीत एक आकृती दिसू लागते. माझ्या वहीत ती अशी दिसली की सत्तराव्या मिनिटानंतर मी चेंडू उजवीकडेच गमावत होतो, कारण थकल्यावर माझे डावीकडे पाहणे बंद होत होते.

चित्रणासाठी एखाद्या मित्राला किंवा धाकट्या भावाला गॅलरीच्या शक्य तितक्या वरच्या पायरीवर, मधल्या रेषेच्या समोर, मोबाइल आडवा धरून उभे करावे आणि त्याने चेंडूचा पाठलाग न करता मैदानाचा मोठा भाग चौकटीत ठेवावा, असे बजावावे. क्लबांना पाठवायची चित्रफीत चार-पाच मिनिटांपेक्षा लांब नसावी. तिच्यात गोलपेक्षा तुमची जागा, तुमचे मान वळवणे, चेंडू गेल्यानंतरची तुमची पहिली पाच सेकंदे आणि दबावातून बाहेर काढलेले पास दिसले पाहिजेत. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आपल्याभोवती वर्तुळ काढावे, कारण एकसारख्या जर्सीत दहा माणसे धावत असताना पाहणारा तुम्हाला शोधत बसणार नाही. सोबत एका पूर्ण, न कापलेल्या सामन्याचा दुवा अवश्य द्यावा, आणि तो शक्यतो पराभवाचा द्यावा; जाणता प्रशिक्षक तोच आधी उघडतो. पार्श्वसंगीत नको.

चाचणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वेळेआधी पाऊण तास पोचावे, आपली खरी जागा सांगावी, आणि पहिल्या दहा मिनिटांत साधे पास नीट द्यावेत. चाचणीसाठी मोठी रक्कम मागणारा माणूस दिसला, तर त्याच पावली परत फिरावे.

करार: सही करण्यापूर्वी

माझा पहिला व्यावसायिक करार मी मैदानाबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केला. एकच प्रत होती आणि ती क्लबच्या माणसाने घडी घालून खिशात ठेवली. तिसऱ्या महिन्यात मला सांगण्यात आले की ठरलेल्या रकमेत प्रवासखर्च धरलेला आहे, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. तेव्हा पहिला नियम हा की सहीची प्रत हातात आल्याशिवाय मैदानात उतरू नये, आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र त्याच क्षणी घरच्या एखाद्या माणसाला पाठवून द्यावे.

करारात महिन्याची रक्कम किती आहे याआधी तो किती महिन्यांचा आहे हे पाहावे. समजा महिन्याला ३५,००० रुपये ठरले आणि करार सात महिन्यांचा आहे, तर वर्षाचे २,४५,००० रुपये होतात, म्हणजे बारा महिन्यांवर पसरल्यास महिन्याला जेमतेम २०,४०० रुपये. घरात बोलताना हाच आकडा सांगावा, नाहीतर जून महिन्यात घरभाड्याच्या वेळी आई-वडिलांना आश्चर्य वाटते. रक्कम पगार म्हणून दिली जाणार की व्यावसायिक मानधन म्हणून, हेही विचारून घ्यावे, कारण मानधनातून कर आधीच कापला जातो, आणि तो कापल्याची नोंद प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनपुढे दिसते का, हे दर तिमाहीला तपासावे लागते. कापलेला कर जमाच झालेला नाही, असे लक्षात यायला उशीर झाला तर तो क्लब तोवर शिल्लक असेलच असे नाही.

फिफाच्या नियमांतील काही तरतुदी प्रत्येक खेळाडूला तोंडपाठ असाव्यात. कराराची मुदत किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षे असते. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी ती तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करण्याची मोकळीक मिळते. क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन थकबाकी पूर्ण भरण्यासाठी किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि त्यानंतरही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार संपवण्याचा अधिकार त्याला मिळतो. इथे ‘लेखी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपली मुले व्यवस्थापकाला फोन करतात, तो ‘पुढच्या सोमवारी’ म्हणतो, आणि असे दहा सोमवार गेल्यावर हाती एकही कागद नसतो. ईमेल करावा, भाषा सौम्य ठेवावी, रक्कम आणि महिने स्पष्ट लिहावेत, आणि सराव मात्र चालू ठेवावा, म्हणजे गैरहजेरीचे निमित्त क्लबला मिळणार नाही. त्यापुढे राष्ट्रीय महासंघाची खेळाडूंच्या दर्जाविषयीची समिती आहे, आणि २००६ मध्ये स्थापन झालेली भारतीय फुटबॉल खेळाडूंची संघटनाही आहे; तिचे सदस्यत्व अडचण येण्याआधी घ्यावे.

वैद्यकीय खर्चाचे कलम शोधून वाचावे. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटला, ज्याला आपण एसीएल म्हणतो, तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे व्यायामोपचार धरून मैदानावर परत यायला नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो, म्हणजे सात महिन्यांचा करार त्यापूर्वीच संपलेला असतो. शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, आणि करार संपल्यानंतरचे उपचार कोणाच्या खर्चाने होणार, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील तर स्वतःचा अपघात विमा काढावा. मात्र व्यावसायिक खेळताना झालेली दुखापत त्यात धरली जाते का, हे विमा प्रतिनिधीकडून लिहून घ्यावे.

नोंदणीच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने त्यांपैकी दोघांकडूनच खेळता येतात, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे मित्राच्या आग्रहाखातर एखाद्या क्लबकडून हंगामाच्या सुरुवातीला एक सामना खेळून ठेवला, तर जानेवारीत चांगले बोलावणे आल्यावर पंचाईत होते. दुसरी चूक हौशी आणि व्यावसायिक या दर्जांविषयीची आहे. व्यावसायिक म्हणून शेवटचा सामना खेळल्यापासून किमान तीस दिवस उलटल्याशिवाय हौशी म्हणून नोंदणी करता येत नाही, आणि जिल्ह्याच्या किंवा कार्यालयीन संघाच्या स्पर्धेची तारीख नेमकी त्या तीस दिवसांत येते, असा माझा तरी अनुभव आहे.

दलाल, म्हणजे एजंट, ठेवायचाच असेल तर तो फिफाच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का, हे नाव घालून शोधता येते. त्याच्याशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. माझे मत विचाराल तर आय-लीग ३ पर्यंतच्या खेळाडूला त्याची गरज पडत नाही. तिथे कामे एका प्रशिक्षकाने दुसऱ्याला केलेल्या फोनवर होतात. बालपणीच्या क्लबमधली नोंदणी मात्र व्यवस्थित असू द्यावी. वयाच्या बाराव्या वर्षापासून तुम्ही कोणाकडून खेळलात याची साखळी तुमच्या खेळाडू-पारपत्रात राहते, आणि पुढे कधी पैसे मोजून तुमची बदली झाली, तर त्या रकमेच्या पाच टक्के वाटा बारा ते तेवीस या वयात तुम्हाला घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. कळव्याच्या मैदानावर पहाटे साडेपाचला शिट्टी वाजवणाऱ्या सरांना काही मिळण्याचा तो एक मार्ग आहे.

शरीर, लोकल आणि ऊन

मध्यरक्षक एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, आणि आपल्याकडे ते अनेकदा दुपारच्या उन्हात कापावे लागते. त्याआधी ठाण्याहून धीम्या लोकलने परळपर्यंत उभ्याने, किंवा नेरूळहून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्यापर्यंत, असा प्रवास झालेला असतो. तो प्रवास सरावाचाच भाग समजून आखावा. सामन्याच्या तीन तास आधी भात-वरण, पोळी-भाजी किंवा इडली असे ओळखीचे अन्न घ्यावे, स्टेशनवरचा वडापाव सामन्यानंतरसाठी ठेवावा, आणि पाण्यात चिमूटभर मीठ व साखर घालून बाटली घरून न्यावी. सामना संपल्यावर तासाभरात उकडलेली अंडी, उसळ किंवा दूध-केळी यांपैकी काहीतरी पोटात गेले पाहिजे. महागड्या डब्यांतल्या पावडरींपेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायाम प्रत्येक सरावाआधी करावा. त्यात सुमारे आठ मिनिटे धावण्याचे, दहा मिनिटे ताकद, उडी आणि तोलाचे, आणि शेवटी दोन मिनिटे वेगवान धावण्याचे प्रकार असतात, आणि नियमित केल्याने दुखापती बऱ्याच कमी होतात हे अभ्यासांतून दिसले आहे. क्लबकडे फिजिओ नसेल तरी हा व्यायाम एकट्याने करता येतो. स्टड दोन प्रकारचे ठेवावेत: कुपरेजसारख्या कृत्रिम गवतावर आखूड आणि अनेक खुंट्यांचे, आणि पावसाळ्यातल्या मातीसाठी लांब खुंट्यांचे. लांब खुंटी कृत्रिम गवतात रुतते, पाय जागीच राहतो आणि गुडघा मात्र वळतो. पैसे वाचवण्यासाठी एकाच जोडीवर वर्ष काढणारे दोन सहकारी मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेले पाहिले आहेत.

सर्दीच्या साध्या गोळीतही सामन्याच्या दिवशी निषिद्ध ठरणारा घटक असू शकतो. औषध घेण्याआधी राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या ॲपवर त्याचे नाव तपासावे आणि डॉक्टरांना आपण खेळाडू आहोत हे सांगावे. पगार थकलेल्या खेळाडूभोवती सामन्याचा निकाल विकत घेऊ पाहणारी माणसेही फिरकतात. सुरुवात बहुधा बुटांच्या भेटीपासून किंवा ‘आज तुमच्यातले कोण खेळणार’ अशा निरुपद्रवी प्रश्नापासून होते. अशा संपर्काची माहिती संघटनेला न देणे हाही गुन्हा धरला जातो, म्हणून त्याच दिवशी लेखी कळवावे.

नोकरी आणि तिच्यासाठीची कागदपत्रे

मुंबईच्या फुटबॉलमध्ये रेल्वे, बँका, पोलीस, सीमाशुल्क, तेल कंपन्या यांच्या संघांना मोठी परंपरा आहे, आणि खालच्या श्रेणीतल्या मध्यरक्षकासाठी अशी नोकरी हा आजही सर्वांत सुरक्षित करार आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या नियमांत मात्र एक मेख आहे, आणि ती बहुतेकांना चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कळते. तिथे पात्रता मोजली जाते ती प्रामुख्याने राष्ट्रीय स्पर्धेत राज्याचे, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे किंवा राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याच्या शालेय संघाचे प्रतिनिधित्व केल्यावरून, अर्थात देशाकडून खेळलेला त्याआधी येतोच. क्लबकडून कितीही सामने खेळले तरी ते या यादीत मोडत नाहीत. म्हणजे आय-लीग ३ मध्ये दोन हंगाम गाजवलेल्या मुलापेक्षा, मुंबई विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्या मुलाचा अर्ज अधिक भक्कम ठरू शकतो. म्हणून बारावीनंतर महाविद्यालय सोडू नये. विद्यापीठाच्या निवड चाचणीची तारीख क्लबच्या सामन्याशी आली तर क्लबकडे रजा मागावी, आणि १९४१ पासून चालत आलेल्या संतोष ट्रॉफीसाठी, म्हणजे राज्यसंघांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, महाराष्ट्राच्या शिबिरात बोलावणे आले तर बाकी सगळे बाजूला ठेवून जावे. प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात आणि योग्य अधिकाऱ्याच्या सहीचे लागते. ते स्पर्धा संपल्याच्या महिन्यातच घ्यावे, कारण पदाधिकारी बदलल्यावर जुन्या स्पर्धेच्या कागदावर सही मिळवायला मला सात फेऱ्या माराव्या लागल्या.

प्रशिक्षकाचा डी परवाना खेळत असतानाच घ्यावा. त्यावर पुढे सी, बी, ए असे टप्पे चढता येतात. हंगाम संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात राज्य संघटनेकडे अभ्यासक्रमाची चौकशी करावी, आणि जाताना आपल्या सामन्यांच्या वह्या बरोबर न्याव्यात. तिथे सरावाचे सत्र आखून, लिहून दाखवावे लागते, आणि मी ज्या सत्रावर उत्तीर्ण झालो ते लाल आणि निळ्या बिबाचेच होते. वहीतल्या ‘सत्तराव्या मिनिटानंतर डावीकडे पाहणे बंद’ या ओळीवरून ते मला सुचले होते.